डोंगरावरची बॅटरी

शिरगावहून बोलतोय. फोन चार्ज आहे ना? आज बॅटरीबद्दलच बोलायचंय. पण खिशातल्या नाही, डोंगरावरच्या.

आपल्याकडून लोणावळ्याला गेलात की तिथे वळवण, शिरवटा ही टाटांची धरणं आहेत. त्यांचं पाणी पाइपांतून घाट उतरतं आणि खोपोलीत वीज बनते. १९१५ पासून हे चालू आहे. पाणी किती जोर लावतं? गच्चीवरची हजार लिटरची टाकी डोळ्यांसमोर आणा. तेवढं पाणी ५०० मीटर खाली सोडलं, तर वीज मिळते साधारण सव्वा युनिट. म्हणजे घरातला एसी जेमतेम तासभर! म्हणून तर तलावच्या तलाव लागतात.

आता खरी अडचण ऐका. ग्रिडमध्ये वीज साठून राहत नाही. ज्या क्षणी जेवढी वापरली, त्याच क्षणी तेवढी बनायला हवी. वापर वाढला आणि निर्मिती कमी पडली, की जनित्रं मंदावतात आणि ५० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी घसरते. त्यात सोलरची वीज दुपारी भरपूर, आणि संध्याकाळी सात वाजता घरोघरी दिवे-पंखे सुरू होतात तेव्हा शून्य!

इथे पंप्ड स्टोरेज कामाला येतं. मराठीत उदंचन. एक तलाव वर, एक खाली. दुपारच्या जादा विजेवर पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडायचं. बहुतेक ठिकाणी यंत्र एकच असतं: एका दिशेनं फिरलं की पंप, उलट फिरलं की टर्बाइन. गरज पडली की काही मिनिटांत वीज हजर.

पण १०० युनिट घातले की परत येतात ७५ ते ८०. मग हा तोट्याचा धंदा झाला का? कांद्याची चाळ आठवा. चाळीत कांद्याचं वजन घटतं, थोडा सडतोही. तरी शेतकरी साठवतो, कारण भाव वेळेला असतो. विजेचंही तसंच.

हे काही नवीन नाही. अकोले तालुक्यातल्या घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प २००८ पासून आहे. भिऱ्याला १५० मेगावॅटचं युनिट खालचं पाणी पुन्हा मुळशी तलावात चढवतं. आणि २०२३ मध्ये टाटा पॉवरनं राज्य सरकारशी करार केला: शिरवट्याला १८०० मेगावॅट, भिवपुरीला १०००.

म्हणजे ही बॅटरी आपल्या मावळात येतेय. पण मुळशीही विसरू नका. १९२१ साली याच डोंगरांत, धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी लोक सेनापती बापटांसोबत सत्याग्रहाला बसले होते. वीज मुंबईला गेली, गावं पाण्याखाली.

म्हणून गावात या प्रकल्पाची चर्चा निघाली, तर दोन प्रश्न नक्की विचारा. जमीन आणि जंगल किती जाणार? आणि संध्याकाळी परत येणाऱ्या विजेतलं आमच्या वाट्याला काय? तंत्र समजलं असेल, तर हे प्रश्न कुणी उडवून लावू शकणार नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर फोन दुपारीच चार्ज करा!