रुखवत मांडणाऱ्या हातांचा हिशेब

(विवाहसमारंभाशी निगडित लघुउद्योग करणाऱ्या महिलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



मंगल कार्यालयात शिरल्यावर पाहुण्यांची पावले आपोआप रुखवताकडे वळतात. सुपारीचे भटजी होमाभोवती बसलेले असतात, हळकुंडांच्या बैलगाडीत तांदळाची इवली पोती रचलेली असतात, खोबऱ्याच्या वाट्यांवर नक्षी कोरलेली असते, सप्तपदीची सात पावले ओळीने मांडलेली असतात. बायका वाकून पाहतात, एखादी हळूच बोट लावून पाहते, आणि मग तो ठरलेला प्रश्न येतो : "कोणी केलं हो हे?" पूर्वी या प्रश्नाला मावशीचे, आत्याचे नाहीतर शेजारच्या काकूंचे नाव उत्तरादाखल मिळे. आज बहुधा "बाहेरून करून घेतलं" एवढेच उत्तर मिळते. करणारीचे नाव त्या उत्तरात नसते. आजचा विषय या न सांगितल्या जाणाऱ्या नावाचा आहे.

वरपक्ष जानवशावर उतरला की वधूकडच्या मंडळींनी वाजतगाजत नेलेला फराळ, हे रुखवताचे मूळ रूप. उखाणे आणि विहिणींची थट्टामस्करी त्याच्याभोवती रंगे. पुढे त्यात मुलीच्या हातचे भरतकाम, विणकाम आले आणि रुखवत हे वधूच्या कलागुणांचे छोटेखानी प्रदर्शन झाले. मुली शिकल्या, नोकरीला लागल्या. घरे लहान झाली. चार महिने आधी माजघरात बसून सुपाऱ्यांना धोतरे नेसवणाऱ्या मावश्याही राहिल्या नाहीत. म्हणून हे काम घराबाहेर गेले. ते अटळ होते, त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. त्यातून एक व्यवसाय उभा राहिला आणि तो प्रामुख्याने स्त्रियांच्या हाती आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु काम घराबाहेर जाताना आपल्याबरोबर घरातील एक सवयही घेऊन गेले. ती सवय म्हणजे स्वतःच्या श्रमाची किंमत न धरणे.

एक उदाहरण घेऊ. समजा, सप्तपदीचा एक संच दीड हजार रुपयांना विकला. मणी, लेस, पाट, रंग, सुपाऱ्या असे साहित्य सहाशे रुपयांचे. रिक्षा आणि वेष्टन दीडशेचे. म्हणजे साडेसातशे रुपये उरले. पाहणाऱ्याला वाटते, निम्मे पैसे सुटले! आता तास मोजा. प्रत्यक्ष काम बारा तासांचे. त्याखेरीज बाजारात जाणे, छायाचित्रे पाठवणे, "गुलाबीच्या ऐवजी राणी रंग चालेल का" या विषयावरील पाच दूरध्वनी, हे तीन तास. पंधरा तासांचे साडेसातशे, म्हणजे ताशी पन्नास रुपये. तासाला एकशेवीस रुपये एवढी माफक अपेक्षा ठेवली, तरी याच संचाची किंमत दोन हजार पाचशे पन्नास होते. आणि मोडतोड, उधारी यांचा त्यात अजून विचारही नाही. "हौस म्हणून करते हो" हे वाक्य या व्यवसायाला फार महागात पडले आहे. हौस असावीच, तिच्यावाचून सुपारीच्या चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत. पण गिऱ्हाईकापुढे ते वाक्य उच्चारले, की पुढचे वाक्य "मग जरा कमी करा ना" हेच असते.

काही शिस्त आरंभापासूनच हवी. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. तारीख, रंग, संख्या कागदावर लिहून गिऱ्हाइकाला दाखवावी. वस्तू लग्नाच्या किमान आठ दिवस आधी पोहोचवावी, कारण लग्नघरात ऐनवेळी उद्भवलेली उणीव भरून काढायला कोणीच मोकळे नसते. आणि ज्या आठवड्यात चार लग्ने हाती आहेत, त्या आठवड्यात पाचव्याला स्पष्ट नकार द्यावा. एका लग्नातील फजिती चारशे पाहुणे पाहतात.

तेच चारशे पाहुणे हीच आपली सर्वांत मोठी जाहिरात आहे. कापडाच्या दुकानात माल काचेआड असतो. येथे तो उपवर मुलामुलींच्या आयांसमोर तासन् तास मांडलेला असतो. असे असूनही रुखवताच्या मेजावर करणारीच्या नावाची चिठ्ठी क्वचितच दिसते. लग्नघराची परवानगी घेऊन पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचे, सुवाच्य अक्षरांतले एक कार्ड कोपऱ्यात ठेवावे. फार मोठे नको. रुखवत वधूचे आहे, आपल्या दुकानाचे नव्हे. समाजमाध्यमांवर छायाचित्रे टाकतानाही हाच विवेक हवा. वस्तूचे छायाचित्र आपले, परंतु त्यात वधूवरांचा चेहरा असेल तर आधी विचारले पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपची व्यवसायासाठीची सोय भारतात २०१८ मध्ये आली. तीत वस्तू दरांसह मांडून ठेवता येतात, त्यामुळे "किती पडेल?" या प्रश्नाला दिवसातून तीसदा उत्तर द्यावे लागत नाही. दर लपवून "मेसेज करा" असे लिहिण्याची रीत अनेकींनी उचलली आहे. गिऱ्हाईक त्याने येत नाही, बिचकते.

कार्यालयाचे व्यवस्थापक, केटरर, छायाचित्रकार, मेंदीवाल्या, या साऱ्यांशी संबंध जोडावेत हे सर्वजण सांगतात. गुरुजींचा मात्र कोणी विचार करत नाही! वस्तुतः या व्यवसायातील खरे भांडवल विधीची जाण हे आहे, आणि ती गुरुजींकडे आहे. अंतरपाटाचेच पाहा. आज मखमलीवर जरीकाम, आरशांची नक्षी, वधूवरांची चित्रे असे नाना प्रकार दिसतात. पण मंगलाष्टके म्हणण्याचा उत्साह असलेल्या मामा-मावश्यांची संख्या मोठी असेल, तर तेवढा वेळ तो पाट दोघांना दोन्ही हातांनी धरून उभे राहायचे असते. जड अंतरपाट तिसऱ्या मंगलाष्टकापासून खाली झुकू लागतो. आरशांच्या कडांत मुंडावळ्यांचे मोती अडकतात. कच्च्या रंगाच्या अक्षता पैठणीवर डाग पाडतात, आणि पैठणीवरील डाग विहीणबाई पंचवीस वर्षे विसरत नाहीत. वेळूच्या ज्या परडीत दिवे लावून झाल करायची, तिच्यावर कागदी फुले चिकटवणे तर धोक्याचेच आहे. विधी जाणणारी कारागीर या चुका करत नाही. ज्या स्पर्धकाने केवळ छायाचित्र पाहून नक्कल केली, त्याला त्या टाळता येत नाहीत. नक्कल होणारच, तिच्यामागे धावत शक्ती घालवण्यापेक्षा ही जाण वाढवणे अधिक लाभाचे.

मालाची जाणही तितकीच हवी. खोबरे खवट होते, साखरेच्या वस्तूंना दमट हवेत पाणी सुटते, तांदळाला आणि डाळीला पोरकिडे लागतात, हळकुंडांवर पावसाळ्यात बुरशी चढते. म्हणून धान्याच्या वस्तू आधीपासून करून न ठेवता मागणीनंतरच कराव्यात. लाकूड, कापड, मणी यांच्या वस्तू तेवढ्या आधी करून ठेवाव्यात. परदेशातील मराठी कुटुंबांकडून मागणी आली तर हा भेद आणखी महत्त्वाचा ठरतो. धान्य, बिया, वनस्पतिजन्य वस्तू यांच्याबाबत अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथील नियम कडक आहेत. तांदळाची बैलगाडी तेथे विमानतळावरच अडू शकते. कापडी अंतरपाट, मोत्यांच्या मुंडावळ्या, भरतकाम केलेले आसन या गोष्टी घडी होऊन सुखरूप पोहोचतात.

गौरीहराचे मखर, रुखवताचे चौरंग, समया यांसारख्या मोठ्या वस्तू भाड्याने देण्याचा मार्ग अनेकींनी स्वीकारला आहे आणि तो शहाणपणाचा आहे. विकलेल्या मखराचे पैसे एकदा मिळतात, भाड्याच्या मखराचे हंगामात दहादा. पण अनामत रक्कम घेतल्याशिवाय भाड्याचा व्यवहार करू नये, आणि सदनिकेच्या बाल्कनीत किती मखरे मावतात याचाही विचार आधीच करावा. घरातील माणसांची सहनशक्ती हेही भांडवलच आहे.

व्यवसाय वाढू लागला की मदतनीस घ्यावे लागतात. येथे बहुतेकजणी एकच चूक करतात : दुसऱ्या कारागिरणीला अख्खी वस्तू करायला देतात आणि मग तिच्या हाताला दोष देत बसतात. कामाचे तुकडे पाडले पाहिजेत. पाट कापणे, रंगाचा पहिला हात देणे, मणी ओवणे, लेस चिकटवणे, खोक्यात भरणे ही कामे देता येतात. सुपारीच्या भटजींचे डोळे रेखणे स्वतःकडे ठेवावे. आणि जिला काम दिले, तिची मजुरीही वर सांगितलेल्या तासांच्याच हिशेबाने द्यावी. आपल्या श्रमाची किंमत मिळत नाही म्हणून खंत करायची आणि शेजारणीला नगाला पाच रुपये टेकवायचे, हे न्यायाचे नाही.

भांडवलाबद्दल थोडक्यात. उद्यम नोंदणी विनामूल्य होते. त्यासाठी कोणा मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत हार-गजरे करणारे मालाकार, बाहुल्या-खेळणी करणारे, टोपल्या विणणारे, शिंपी यांचा समावेश आहे. तिच्यात पहिला टप्पा एक लाखाचा आणि दुसरा दोन लाखांचा असे पाच टक्के व्याजाचे कर्ज आणि अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत साह्य अशी तरतूद ठेवलेली आहे. कर्ज घ्यावे ते शिलाई यंत्रासाठी, कोरणी यंत्रासाठी. प्रदर्शनातील गाळा सजवण्यासाठी कर्ज काढणाऱ्या भगिनीही दिसतात. त्या गाळ्याची शोभा तीन दिवसांची असते आणि हप्ते तीन वर्षांचे.

एक नाजूक विषय टाळता येणार नाही. रुखवताच्या नावाखाली फ्रीज, कपाट, भांड्यांच्या उतरंडी मांडल्या जातात आणि मुलीचा बाप वाकतो. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ सालचा. पण रुखवताच्या मेजावर तो हतबल होताना अनेकांनी पाहिला आहे. आपल्याकडे येणाऱ्या वधूपित्याला "अहो, त्यांच्याकडे एकवीस वस्तू होत्या" असे म्हणून भरीस पाडणे हा विक्रीचा सर्वांत सोपा मार्ग आहे, आणि सर्वांत वाईटही. पाच वस्तू घ्या, पण त्यांतील एक नवरीला स्वतः करू द्या, मी शिकवते, असे म्हणून पाहावे. त्या शिकवणीचे वेगळे पैसे घेता येतात. मुख्य म्हणजे "कोणी केलं?" या प्रश्नाला नवरीला तोंड भरून उत्तर देता येते आणि त्या उत्तरात आपलेही नाव येते.

आता सर्वांत अवघड भाग. या व्यवसायात गिऱ्हाईक परत येत नाही. किराणा दुकानाचे गिऱ्हाईक दर महिन्याला येते. नवरी पुन्हा रुखवत घ्यायला येत नाही. येऊही नये! शिवाय हंगाम तुटक. तुळशीचे लग्न लागल्यावर मुहूर्त सुरू होतात, पौष बहुधा टाळला जातो, आषाढी एकादशीनंतर चातुर्मास लागतो. त्यात २०२४ साली मे-जूनचा बहुतेक काळ शुक्राच्या अस्तात गेला, त्यातच गुरूचाही अस्त आला, आणि ऐन उन्हाळी हंगामात मुहूर्त दुर्मीळ झाले. २०२६ साली १७ मे ते १५ जून हा काळ अधिक ज्येष्ठाचा. एप्रिल २०२१ मध्ये तर महासाथीमुळे महाराष्ट्रात विवाहाला दोन तास आणि पंचवीस माणसे एवढीच मुभा उरली होती. पंचवीस माणसांत रुखवत पाहणार कोण? ज्यांचे घर फक्त रुखवतावर चालत होते, त्यांच्यावर ते दिवस फार कठीण गेले.

परंतु जे पंचांग विवाहाचे दार लावते, तेच दुसरी दारे उघडते. श्रावणात मंगळागौर येते आणि ती नवविवाहितेची असते. मग गौरी-गणपतीची आरास, मग दिवाळसण. अधिक मासात लग्ने थांबतात, पण जावयाला तेहतीस अनारशांचे वाण द्यायचे असते आणि ते ठेवायला सजवलेले तबक लागते. लग्न टाळणाऱ्या त्या पौषातच मकरसंक्रांत येते. नव्या सुनेची पहिली संक्रांत, काळी साडी आणि हलव्याचे दागिने. पुढे डोहाळजेवण, बारसे, बाळाचे बोरन्हाण आणि त्यालाही हलव्याचेच दागिने. म्हणजे गिऱ्हाईक परत येत नाही हे अर्धसत्य आहे. ते वेगळ्या निमित्ताने येते. आपल्याकडे त्याची नोंद नसते म्हणून ते दुसऱ्या दुकानात जाते.

यासाठी लागते ती केवळ एक वही. लग्नाची तारीख, नवरीचे नाव, तिच्या आईचा आणि सासूबाईंचा दूरध्वनी, पसंतीचे रंग, आणि दिलेल्या वस्तू. हलवा थंड, कोरड्या हवेत चांगला फुलतो. मंद आचेवर खसखशीला, साबुदाण्याला, तिळाला पाकाचे थेंब देत काटा आणायला दिवस लागतात, आणि त्यानंतर हार, बाजूबंद, मुकुट ओवायचा असतो. पौष लागल्यावर मागणी घेऊन हे साधत नाही. त्या वर्षात लग्न झालेल्या घरांना मार्गशीर्षाच्या पहिल्या आठवड्यातच दूरध्वनी करावा लागतो, आणि तो नवरीच्या आईला करावा. पहिल्या संक्रांतीची आठवण तिला आधीच झालेली असते.