परदेशातली डॉक्टरी आणि आपल्या वसतिगृहातील मुले

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात, पिंपरी येथे केलेले भाषण. वक्ते स्वतः परदेशात शिकलेले असून चाकण परिसरात फॅमिली डॉक्टर म्हणून काम करतात.)



समितीने मला एक प्रश्न दिला आहे, त्याचेच उत्तर देतो. आपल्या वसतिगृहात खेड तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातली, महादेव कोळी कुटुंबातली एक मुलगी आहे. बारावी सायन्स झाली. नीटमध्ये पात्र ठरली, पण सीट लागेल एवढे गुण पडले नाहीत. तिच्या वडिलांना एका एजंटाने सांगितले, की परदेशात सीट पक्की आहे, सहा वर्षांत पोरगी डॉक्टर होऊन येईल. वडील जमिनीचे पैसे करायला निघाले होते. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला सहजासहजी विकता येत नाही, म्हणून ती वाचली. आता त्यांचे म्हणणे असे, की संस्थेने रक्कम कर्जाऊ द्यावी. द्यावी का?

आधी हे सांगतो, की परदेशात शिकून डॉक्टर होणे आपल्या मराठी माणसाला नवे नाही. आनंदीबाई जोशी 1883 मध्ये अमेरिकेला निघाल्या आणि 1886 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूक झाली होती, पण 1887 च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. आनंदीबाईंचे नाव शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. त्याच महाविद्यालयातून 1892 मध्ये पदवी घेतलेल्या गुरुबाई करमरकरांचे नाव मात्र आपल्या मंडळीतही फार थोड्यांना माहीत आहे. त्या ख्रिस्ती कुटुंबातल्या. शिकून परत आल्या आणि अमेरिकन मराठी मिशनच्या कामात मुंबईत गरीब बायकामुलांवर वर्षानुवर्षे उपचार करीत राहिल्या. रखमाबाई राऊत लंडनला शिकल्या, 1894 मध्ये ब्रसेल्सची एम.डी. घेतली आणि सुरत व राजकोट इथे आयुष्य घालवले.

जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांचेही तेच. वेल्लोरला डॉक्टर झाल्यावर ते पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेले आणि 1970 मध्ये जामखेडला येऊन बसले. गावातल्या बायकांना शिकवून त्यांच्याच हाती गावाचे आरोग्य दिले. 1978 मध्ये अल्मा आटा इथे प्राथमिक आरोग्यसेवेची जागतिक परिषद भरली, त्याआधीच जागतिक आरोग्य संघटनेने जामखेडच्या कामाची दखल घेतली होती. ते अल्मा आटा म्हणजे आजचे कझाकस्तानातले अल्माटी. आपल्याकडची पुष्कळ मुले आज तिथेच डॉक्टरी शिकायला जातात. कोणत्या गावी आपण शिकतो आहोत, हे त्यांना बहुधा कोणी सांगत नाही.

पण ही सगळी माणसे गेली तेव्हा इथे परत येऊन काय करायचे, हे त्यांच्या मनात ठरलेले होते. आज जी मुले जातात त्यांच्यातली बरीच, इथे सीट मिळाली नाही म्हणून जातात. त्यात लाजेसारखे काही नाही. इथल्या बऱ्याच अभिमत विद्यापीठांत एका वर्षाचीच फी वीस लाखांच्या पुढे आहे, आणि तेवढ्यात परदेशात सगळा कोर्स होतो असे म्हणतात. तरी विमान, राहणे, व्हिसा आणि रुपयाची घसरण धरली, तर हिशेब वीस लाखांत क्वचितच बसतो.

मी स्वतः रशियन भाषा चालते अशा देशात शिकलो. वर्गात इंग्रजीत शिकवतात, हे खरे. पण तिसऱ्या वर्षी वॉर्डात गेलात की खाटेवरची आजी रशियन बोलते. तिला कुठे दुखते हे ज्याला कळले नाही, तो त्या खाटेपाशी नुसता उभा राहतो. भाषा शिकलेली मुले डॉक्टर झाली, बाकीची पुस्तकातली राहिली. एक गोष्ट मात्र तिथली मला आवडली. प्रत्येक वस्तीला ठरलेला डॉक्टर असतो, तो घरी जाऊन बघतो, आजोबापासून नातवापर्यंत त्याला माहीत असतात. फॅमिली डॉक्टर म्हणजे काय, हे मी तिथे पाहिले. तिथल्या पदवीला एम.डी. म्हणतात, त्याने मात्र फसू नका. ती आपल्या एमबीबीएसच्या जागी आहे, आपल्याकडच्या एम.डी.च्या नाही. एजंट हे मुद्दाम सांगत नाहीत.

आता परतीची वाट. 2002 पासून परदेशी पदवीधराला इथे एक परीक्षा द्यावी लागते, एफएमजीई. तीनशे प्रश्न, दीडशे गुणांना पास, वर्षातून दोनदा. सोपी वाटते ना? बसणाऱ्यांपैकी साधारण पाचातला एक, फार तर चारातला एक पास होतो. न होणाऱ्याला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही म्हणजे स्वतःच्या सहीने क्रोसिनची चिठ्ठीसुद्धा लिहिता येत नाही. सहा वर्षे आणि घरचे सगळे पैसे गेलेला मुलगा तिशीकडे झुकताना पाचव्यांदा फॉर्म भरतो आहे, अशी घरे मला इथे पिंपरीत माहीत आहेत. मुलगा आजारी नसतो, पण घर आजारी पडते.

शिवाय 18 नोव्हेंबर 2021 च्या नियमांनी अटी आणखी घट्ट केल्या. जाण्याआधी नीट पात्रता हवी. कोर्स किमान 54 महिन्यांचा आणि इंग्रजीतून हवा, तिथेच 12 महिन्यांची इंटर्नशिप हवी, परत आल्यावर इथे आणखी 12 महिने, आणि सगळे दहा वर्षांच्या आत. त्या देशात त्या पदवीवर प्रॅक्टिस करण्याचा हक्कही मिळाला पाहिजे. यातली एक अट चुकली तरी पदवी भिंतीवर लावण्यापुरती. आणि जगाचा भरवसा नाही. 2020 मध्ये चीनमधून सुट्टीला आलेली मुले दोन वर्षांहून अधिक काळ मोबाईलवर डॉक्टरी शिकली. 2022 च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि 20,000 हून अधिक भारतीय तिथून परत आले, त्यात बहुतेक वैद्यकीय विद्यार्थी होते. ज्यांच्या घरी दुसरा आधार होता ते सावरले.

तरी मला हे सांगितले पाहिजे, की डॉक्टर हवाच आहे. चाकणला माझ्या दवाखान्यात रात्री नऊनंतर दुसऱ्या शिफ्टची माणसे येतात. मराठवाड्यातली, विदर्भातली, बिहार-ओडिशातली. एका खोलीत सहाजण, एकाला खोकला की सहांना खोकला. प्रेस मशीनवर बोट गेलेला येतो, तर कंत्राटदाराने नाव नोंदवलेले नसते, म्हणून ईएसआयचे कार्ड नाही. कार्ड असले तरी ते कुठे आणि कसे वापरायचे, हे समजावून सांगायला माणूस लागतो. आणि या पट्ट्याच्या कडेला, वीटभट्टीवर नि बांधकामावर, आपले कातकरी, ठाकर बांधव आहेत. त्यांना शस्त्रक्रियेचा तज्ज्ञ रोज लागत नाही. बाळंतीण किती अशक्त आहे, मूल का वाढत नाही, म्हाताऱ्याचा खोकला टीबीचा आहे का, हे बघणारा, नाव घेऊन हाक मारणारा डॉक्टर लागतो. वसतिगृहातली मुलगी ती भाषा, ती घरे जाणते. तिच्यासारखी मुलगी तिथे बसली तर माझ्यासारख्या चार जणांचे काम करील. म्हणून तिला डॉक्टर व्हायला मदत करू नका, असे मी मुळीच म्हणत नाही.

मी म्हणतो, तिला परदेशाची गरज नाही. तिच्याकडे अनुसूचित जमातीचा हक्क आहे. महाराष्ट्रात सात टक्के जागा, देशपातळीच्या कोट्यात साडेसात टक्के. सरकारी कॉलेजात तिची सीट खुल्या वर्गापेक्षा कितीतरी कमी गुणांना लागते आणि फीचा मोठा भार शिष्यवृत्ती उचलते. नीटचा पेपर 2017 पासून मराठीतही असतो. तिला कमी पडले ते गुण, आणि ते का पडले हे आपण वसतिगृहात पाहिले आहे. फिजिक्स शिकवायला वर्षभर कोणी नव्हते. जी रक्कम एका मुलीच्या एका वर्षाच्या परदेशी फीला जाईल, तिच्यात एक चांगला फिजिक्सचा शिक्षक पूर्ण वर्षभर ठेवता येईल आणि वसतिगृहातली सगळीच सायन्सची मुले शिकतील. सरकारी कॉलेजातून निघाल्यावर एक वर्ष सरकारी सेवेचे बंधन असते, ते बहुधा एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाते. लोक त्याला जाच म्हणतात, पण फॅमिली डॉक्टर तिथेच घडतो. पुढे फॅमिली मेडिसिनमध्ये तीन वर्षांचा डीएनबी आहे, दोन वर्षांचा डिप्लोमा आहे.

एखादे मूल दोनदा प्रयत्न करून राहिलेच, घरी दुसरा कमावता हात आहे, ते भाषा शिकायला तयार आहे आणि नियमातली प्रत्येक अट आपण कागदावर ताडून पाहिली, तर परदेशाचा विचार समितीने जरूर करावा. मी स्वतः त्या कागदांवर बसेन. पण एजंटाच्या फोनवरून नाही.

आता शेवटचे, आणि हे सर्वांत तातडीचे. आरक्षणाच्या सीटला जात वैधता प्रमाणपत्र लागते. गुण पडूनही या एका कागदापायी सीट गेलेली मुले आहेत. त्यासाठी 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा असला तर प्रकरण लवकर सुटते. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद, असे काही. जुन्या मिशन शाळांची रजिस्टरे आपल्याच काही मंडळ्यांच्या कपाटांत पडून आहेत, हे मला दोन वडीलजनांनी आज जेवताना सांगितले. त्यांत या मुलांच्या पणजोबांची नावे असू शकतात. वाळवी लागण्याआधी ती काढा. पुढच्या दोन शनिवारी दुपारी तीनपासून मी वसतिगृहात बसणार आहे. अकरावी-बारावीच्या मुलांच्या पालकांना सांगा, घरात जो जुना कागद असेल तो घेऊन या, फाटका असला तरी.