नळापासून माठापर्यंत

पुणें शहराला नळाचें पाणी नवें नाहीं. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या तलावाचें पाणी जमिनीखालच्या नळांतून शनिवारवाड्यापर्यंत आणविलें आणि तें लोकांस मिळावें म्हणून वाटेंत जागोजाग हौद बांधले. पुढें १८७९ सालीं खडकवासल्याचें धरण पुरें झालें, हळूहळू घरोघर तोट्या आल्या आणि हौदावर घागरी नेणाऱ्या गृहिणींचे कष्ट वांचले. त्याबरोबर एक गोष्ट मात्र गेली. हौदांत काय पडलें, तळाशीं काय सांचलें, हें पेठेंतल्या पोरालाही दिसत असे. तोटींतून येणाऱ्या पाण्याचा मागचा प्रवास कोणाच्याच दृष्टीस पडत नाहीं. आणि जें दिसत नाहीं तें ठीकच असेल, असें मानण्याची संवय माणसाला फार लवकर लागते.

ह्या संवयीला २०२५ च्या जानेवारींत मोठा धक्का बसला. सिंहगड रस्त्याच्या बाजूस, नांदेड, किरकटवाडी इत्यादि भागांत, हातापायांतील शक्ति एकाएकीं जाऊं लागलेले रुग्ण मोठ्या संख्येनें इस्पितळांत येऊं लागले. गियाँ-बारे ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या ह्या विकारांत शरीराची रोगप्रतिकारक शक्ति स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. श्वासाचे स्नायु दुर्बल झाल्यास रुग्णाला यंत्राच्या श्वासावर ठेवावें लागतें. दोनशेंहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले, कांहीं दगावले. कित्येकांच्या तपासणींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा आंतड्याचा जंतु सांपडला. हा जंतु प्रथम साध्या जुलाबाच्या रूपानें येतो. पुष्कळांचा त्रास तेवढ्यावरच भागतो, थोड्यांवर मात्र नंतर हा घाला पडतो. त्या भागांतील पाण्याच्या कांहीं नमुन्यांत क्लोरीनचा अंशही आढळला नाहीं. जारमधून विकत मिळणाऱ्या पाण्याच्या कांहीं खासगी केंद्रांचें पाणीही दूषित ठरलें.

क्लोरीनचें काम नीट समजून घेण्याजोगें आहे. शुद्धीकरण केंद्रांत तुरटीनें गाळ एकत्र होऊन खालीं बसतो, वाळूच्या थरांतून पाणी गाळलें जातें आणि शेवटीं त्यांत क्लोरीन सोडतात. त्यांतला कांहीं भाग जंतु मारण्यांत तेथेंच खर्च होतो. उरलेला पाण्याबरोबर पहारेकऱ्यासारखा पुढें चालतो. भारतीय मानकाप्रमाणें तोटीपाशीं तो लिटरमागें निदान ०.२ मिलिग्रॅम उरला पाहिजे. नळाच्या पाण्याला येणारा किंचित् उग्र वास पुष्कळांना दोष वाटतो. वस्तुतः ती पहारेकरी जागा असल्याची खूण होय. ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले असतां असें पाणी पिंवळें होतें. ग्रामपंचायतींना ही परीक्षा नित्याची आहे. शहरांतील सुशिक्षित घरांत मात्र तिचें नांवही क्वचितच कोणी ऐकलेलें असतें.

हा पहारेकरी थकतो तो बहुधा शेवटच्या टप्प्यांत. आपल्याकडील बहुतेक शहरांत पाणी ठरलेल्या तासांपुरतेंच सोडतात. एरवीं नळांत दाब नसतो; शेजारूनच गटार वाहात असतें. मग जुन्या सांध्यांतून आणि भेगांतून मैल्याचा पाझर आंत शिरतो, आणि पाणी सुटलें कीं पहिल्या लोंढ्याबरोबर थेट स्वयंपाकघरांत येतो. हुबळी-धारवाड येथें चोवीस तास पाणी मिळणारे भाग आणि ठरावीक वेळींच मिळणारे भाग ह्यांची तुलना करणारें संशोधन २०१३ सालीं प्रसिद्ध झालें. थांबून थांबून येणाऱ्या पाण्यांत दूषणाची खूण दाखविणारे जंतु कितीतरी अधिक वेळां सांपडले. म्हणून पाणी आल्याबरोबरची पहिली बादली अंगण धुण्यास वापरावी आणि पिण्याचें पाणी त्यानंतर भरावें.

ह्याच ठिकाणीं एका प्रतिष्ठित अपराधाचा उल्लेख करणें भाग आहे. पाणी कमी येतें म्हणून कित्येक घरांत थेट नळालाच विजेची मोटार जोडतात. मोटार जसें पाणी ओढते तशी भेगांतून घाणही ओढते, आणि ती साऱ्या गल्लीच्या नळांत शिरते. अशी मोटार लावणारा गृहस्थ स्वतःच्या मुलाला उकळलेलें पाणी पाजीत असेल. शेजारच्या बिऱ्हाडांतल्या मुलाला त्यानें काय पाजलें, ह्याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं.

घरांत पाण्याची पहिली पारख करण्यास कांचेचा स्वच्छ पेला पुरतो. पाणी दुधासारखें पांढरें दिसलें आणि तळापासून वर निवळत गेलें, तर ते हवेचे बुडबुडे; त्यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. तळाशीं थर बसला तर गाळ. तांबूस झांक आली तर बहुधा लोखंडी नळाचा गंज. परंतु पेला आरशासारखा स्वच्छ असूनही त्यांत रोगजंतु असूं शकतात, आणि येथेंच डोळ्यांची साक्ष संपते. तुरटी फिरविल्यानें पाणी निवळतें, निर्जंतुक होत नाहीं. वस्त्रगाळ पाण्याची आपली जुनी चाल मात्र अगदींच वाया गेलेली नव्हे: बांगलादेशांतील खेड्यांत जुन्या साडीच्या अनेक पदरी घडींतून पाणी गाळल्यानें पटकीचे रोगी जवळजवळ निम्म्यानें घटल्याचें २००३ सालीं दिसून आलें. कारण पटकीचा जंतु पाण्यांतील सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतो. इतर जंतूंना तें फडकें अडवीत नाहीं.

खात्रीचा उपाय उकळणें हाच. पाणी खळखळून उसळूं लागल्यावर मिनिटभर तसेंच ठेवावें, एवढें पुरें. वीस-वीस मिनिटें गॅस जाळण्याची गरज नाहीं. मात्र उकळल्यानें क्लोरीन उडून जातो. म्हणजे उकळलेल्या पाण्याला पहारेकरी उरत नाहीं. तें निवल्यावर न घांसलेल्या माठांत ओतलें आणि घरांतील लहानमोठ्यांनीं त्यांत पेला बुडविला, बोटांसकट, कीं सकाळचे श्रम फुकट गेले. माठाला तोटी असावी, नाहीं तर लांब दांड्याचें ओगराळें. आणि माठ रोज रिकामा करून घांसावा.

क्षार काढणाऱ्या आरओ यंत्राचा सध्यां फार बोलबाला आहे. विंधनविहिरीच्या खारट पाण्याला त्याचा उपयोग निश्चित आहे. धरणाच्या गोड पाण्यांत काढण्याइतके क्षारच नसतात, आणि यंत्र मात्र बरेंचसें पाणी मोरींत सोडून देतें. लिटरमागें विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमहून कमी असतील तेथें अशा यंत्रांना मनाई करावी, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१९ सालीं दिला होता. ज्याच्या गाळण्या वेळेवर बदलल्या जात नाहींत असें यंत्र असण्यापेक्षां चांगलें पातेलें आणि चांगली शेगडी बरी.

राहतां राहिली इमारतीची टाकी. महानगरपालिकेची जबाबदारी बहुधा इमारतीच्या दाराशीं संपते. पुढें तळघरांतील टाकी, मोटार, गच्चीवरील टाकी. फुटकें झांकण, जाळी नसलेली सांडनळी, आंत पडलेलें कबुतराचें पीस, ह्या गोष्टी वार्षिक सभेच्या कामकाजांत क्वचितच येतात. जिन्याच्या रंगावर मात्र तासभर वाद होतो. टाकी वर्षांतून दोनदां, त्यांतही एकदां पावसाळ्यापूर्वीं, उपसून घांसून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानें धुवावी आणि त्या दिवसाची तारीख जिन्यापाशीं फळ्यावर लिहावी. धुणारीं माणसें निघून जाण्यापूर्वीं इमारतींतील कोणीतरी विजेरी घेऊन वर जावें आणि झांकण उचलून आंत पाहावें.