चाकांवरच्या बिऱ्हाडाचा पत्ता

अमेरिकेत निवृत्तीनंतर घर विकून मोटरहोममध्येच संसार थाटणारे बरेच आहेत. पण लायसन्स, विमा, मतदारयादी यांना पक्का पत्ता लागतोच! म्हणून ही मंडळी बहुधा टेक्सास, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटा गाठतात. तिथं राज्याचा आयकर नाही. टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टनची ‘एस्केपीज’ ही १९७८ साली सुरू झालेली संस्था सभासदांचं टपाल घेते आणि ते असतील तिथं गठ्ठा धाडते. स्टेअरिंग धरवेनासं झालं, की लिव्हिंग्स्टनलाच गाडी उभी करून राहायचं. तीन वेळचं जेवण, साफसफाई, देखभाल मिळते. मला हीच सोय सर्वांत शहाणपणाची वाटते. मात्र पत्ता निवडताना करापेक्षा आरोग्यविमा आधी पाहावा. पॉलिसी राज्यागणिक बदलते.