हॅम रेडिओसाठी ऑसिलोस्कोप

डभोई, बडोदे परिसराला रेडिओ नवा नाही. बडोदे संस्थानाचं स्वतःचं रेडिओ केंद्र होतं. 1948 साली ते आकाशवाणीत आलं. आज या भागातल्या हौशी मंडळींसाठी ऑसिलोस्कोपविषयी थोडं.

दुकानदार आधी मोठा पडदा दाखवतो. तुम्ही बँडविड्थ विचारा. 100 मेगाहर्ट्‌झच्या स्कोपवर 100 मेगाहर्ट्‌झची लहर खऱ्या उंचीच्या सुमारे सत्तर टक्केच दिसते. म्हणून मोजायच्या फ्रीक्वेन्सीच्या निदान तिप्पट, जमल्यास पाचपट बँडविड्थ घ्यावी. 7 मेगाहर्ट्‌झच्या चाळीस मीटर बँडला 50 चा स्कोप पुरतो. 28 मेगाहर्ट्‌झपर्यंत जायचं तर 100 चा घ्या. 144 मेगाहर्ट्‌झसाठी महागडा स्कोप घेण्यापेक्षा इतर साधनं परवडतात, असं माझं मत. सॅम्पलिंगचा आकडाही नीट वाचा. बऱ्याच स्कोपमध्ये दोन्ही चॅनल चालू केले की तो निम्मा होतो.

प्रोबचं बटण दहापटीवर ठेवा. एकपटीवर तोच प्रोब जेमतेम काही मेगाहर्ट्‌झ दाखवतो, आणि दोष मात्र सर्किटला लागतो!

आता सावधगिरी. 50 ओहमच्या डमी लोडवर 100 वॉट म्हणजे शिखर ते शिखर 200 व्होल्ट. ते थेट स्कोपला देऊ नका, मध्ये अ‍ॅटेन्युएटर हवा. शिवाय प्रोबची काळी क्लिप आतून घराच्या अर्थिंगला जोडलेली असते. ती विजेच्या फेजला कधीही लावू नका.