एलीयाचा रथ : भविष्यवाणीचा अर्थ कसा लावावा?

मुंबईच्या कुर्ला उपनगरात होली क्रॉस नावाचे जुने चर्च आहे. त्याच कुर्ल्यात बेने इस्राएल समाजाचे, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू बांधवांचे प्रार्थनालयही आहे. दोन्ही ठिकाणी एलीया संदेष्ट्याची कथा सर्वांना ठाऊक. आता चर्चमधून बाहेर पडणाऱ्या एखाद्या गृहस्थाला विचारा, ‘एलीया पुन्हा येणार होता, त्याचे काय झाले हो?’ तो बहुधा म्हणेल, ‘तो येऊन गेला.’ तोच प्रश्न प्रार्थनालयातल्या म्हाताऱ्या आजोबांना विचारा. ते म्हणतील, ‘तो यायचा आहे.’ भाकीत एकच आणि ते दोघांनाही पवित्र. मग उत्तरे दोन का?

आधी कथा पाहू. बायबलच्या जुन्या करारात असे वर्णन आहे की, एलीयाला मरण आले नाही. अग्नीचा रथ आणि अग्नीचे घोडे आले आणि तो वावटळीतून स्वर्गात गेला. पुढे मलाखी नावाच्या संदेष्ट्याच्या छोट्याशा पुस्तकात, अगदी शेवटी, भाकीत आहे की परमेश्वराचा तो मोठा आणि भयंकर दिवस येण्यापूर्वी एलीया पाठविला जाईल. तो येऊन काय करील, हेही तेथे सांगितले आहे : बापांची मने मुलांकडे आणि मुलांची मने बापांकडे वळवील.

बेने इस्राएल समाजाने हे भाकीत अक्षरशः मनात धरले आहे. अलिबागजवळ खंडाळे गाव आहे. घाटावरचे खंडाळा नव्हे, बरं का. तेथल्या एका खडकावर काही खुणा दाखवतात. एलीयाचा रथ येथे टेकला, ह्या त्याच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या खुणा, अशी समाजाची श्रद्धा आहे. त्या जागेला ‘एलियाहू हन्नबीचा टापा’ म्हणतात. एलियाहू हन्नबी म्हणजे संदेष्टा एलीया. नवस फेडताना, लग्नकार्याच्या वेळी, घरात काही शुभ घडले की मलिदा करतात. गोड पोहे, नारळ, फळे तबकात मांडायची आणि एलीयाचे नाव घेऊन गायचे. ज्याच्यासाठी हे ताट मांडायचे, तो त्यांच्या लेखी केवळ कल्पना नाही. तो खरोखरच येणारा पाहुणा आहे.

ख्रिस्ती वाचक नव्या कराराकडे वळतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की, जो एलीया येणार होता तो म्हणजे हा बाप्तिस्मा करणारा योहान. मात्र तुमची ते मानायची तयारी असेल तर. लूक म्हणतो, योहान एलीयाच्या आत्म्याने आणि सामर्थ्याने येईल. म्हणजे माणूस दुसरा, पण काम तेच. आणि गंमत पाहा. योहानाच्या शुभवर्तमानात लोक ह्या योहानालाच विचारतात, ‘तू एलीया आहेस काय?’ तो सरळ ‘नाही’ म्हणून सांगतो. एकाच नव्या करारात हे होय आणि नाही शेजारी शेजारी बसले आहेत. अक्षरार्थाने पाहिले तर योहान एलीया नव्हे. खुणेच्या अर्थाने पाहिले तर तोच एलीया.

आपल्याकडच्या शास्त्रकारांना ह्यात नवल वाटले नसते. त्यांनी शब्दाच्या तीन शक्ती मानल्या : अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. ‘गंगेवर गवळीवाडा आहे’ असे म्हटले तर पाण्यावर घरे तरंगत नाहीत हे आपण जाणतो. वाडा काठावर आहे असा अर्थ घेतो, कारण सरळ अर्थ तेथे अडतो. ‘सारा गाव जागा झाला’ म्हटल्यावर घरे आणि विहिरी उठून बसल्या असे कोणी समजत नाही. तेव्हा अर्थाचे पदर असणे हे काही बायबलचे एकट्याचे वैशिष्ट्य नव्हे. प्रश्न एवढाच की, सरळ अर्थ केव्हा घ्यावा आणि तो केव्हा सोडावा?

पुष्कळांना वाटते की ज्यू तेवढे अक्षराला धरून असतात आणि ख्रिस्ती खुणेला. हे खरे नाही. यशया संदेष्ट्याने लांडगा आणि कोकरू एकत्र राहतील असे सुंदर चित्र रेखाटले आहे. बाराव्या शतकातील थोर ज्यू पंडित मायमोनिडीस म्हणतो की, हा दृष्टान्त आहे; मशीहाच्या काळी सृष्टीचा क्रम बदलणार नाही. लांडगा म्हणजे इतर राष्ट्रांतील दुष्ट लोक. त्यांच्या शेजारी इस्राएल निर्भय राहील, एवढाच त्याचा भाव. उलट अमेरिकेतील विल्यम मिलर हा ख्रिस्ती प्रचारक घ्या. दानीएलाच्या पुस्तकातील 2300 दिवसांची त्याने 2300 वर्षे केली. दिवस म्हणजे वर्ष, ही झाली खूण. पण त्यातून निघालेले साल मात्र त्याने अक्षरशः धरले! त्याच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 हा ख्रिस्ताच्या पुनरागमनाचा दिवस ठरविला. काही शेतकऱ्यांनी शेतातले पीकही काढले नाही. तो दिवस गेला, दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा सूर्य उगवला, आणि हजारो माणसांचा हिरमोड झाला. असा हा अर्थ लावण्याचा प्रश्न पोटापर्यंत येऊन पोहोचतो.

मग वाचकाने काय करावे? पहिली गोष्ट, ग्रंथ स्वतः काय सांगतो ते पाहावे. यहेज्केलाला वाळलेल्या हाडांनी भरलेले खोरे दिसते. हाडाला हाड जुळते, त्यांच्यावर मांस चढते, ती उभी राहतात. लगेच पुढे खुलासा आहे की, ही हाडे म्हणजे निराश झालेले सारे इस्राएल घराणे. येथे तर्क लढवायला नको. किल्ली कुलपालाच लावून ठेवली आहे.

दुसरी गोष्ट, शब्द कोणाला आणि कोणत्या प्रसंगी सांगितले ते पाहावे. यिर्मयाने बाबेलमध्ये कैदेत नेलेल्या लोकांना पत्र लिहिले. हनन्या नावाचा एक संदेष्टा तेव्हा दोन वर्षांत सुटकेचे आश्वासन देत होता. यिर्मयाने मात्र सत्तर वर्षे सांगितली. तोवर काय करायचे? घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा आणि ज्या शहरात नेऊन ठेवले आहे त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. ती सत्तर वर्षे काहीजण बोटांवर मोजून दाखवतात, काहीजण त्यांचा अर्थ एका माणसाचे आयुष्य असा घेतात. पण ‘घर बांधा’ म्हणजे घर बांधा. तेथे खूण शोधण्याचे कारण नाही.

ह्याच यिर्मयाने, यहेज्केलाने आणि यशयाने असेही सांगितले की, विखुरलेले लोक पुन्हा आपल्या देशात गोळा होतील. ख्रिस्तपूर्व 538 च्या सुमारास इराणच्या कोरेश राजाने परत जाण्याची मोकळीक दिली तेव्हा काही गेले. पुष्कळ बाबेलमध्येच राहिले. भाकिताचा अर्थ तेव्हाही प्रत्येक घरात वेगळा लागला.

हेच कोकणच्या लेकरांच्या वाट्याला आले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, रोहेकर, पेणकर, किहीमकर अशी गावांची नावे जे आडनावात मिरवीत, त्यांची संख्या स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या आसपास होती. 1948 मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाले. कोणाला वाटले, संदेष्ट्यांचे शब्द अक्षरशः खरे होत आहेत, आपण जायलाच हवे. कोणी म्हणाले, प्रार्थनेतले यरुशलेम मनात आहे, आपले घर येथे आहे. कोणी नोकरीचा आणि मुलांच्या भविष्याचा विचार करून गेले. बहुतेक समाज हळूहळू तिकडे गेला. आज भारतात काही हजारच उरले आहेत.

आणि गेलेल्यांचे काय झाले? इस्राएलमधील प्रमुख धर्मगुरूंच्या मंडळाने 1962 मध्ये असे निर्देश काढले की, बेने इस्राएलांचा इतर ज्यूंशी विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी व्हावी. वचनावर भरवसा ठेवून आलेल्या माणसांना आजी-पणजीचा पुरावा मागण्यात आला! त्यांनी आंदोलन केले, यरुशलेममध्ये धरणे धरले. अखेर 1964 मध्ये तेथील संसदेने, हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यूच आहेत, असा ठराव केला आणि निर्देशातील शब्द बदलावे लागले.

श्रोतेहो, हा प्रसंग मला फार बोलका वाटतो. लोक भूमीवर पोहोचले. अक्षरार्थ पुरा झाला. पण आलेल्याला आपला म्हणणे अजून बाकी होते. संदेष्ट्यांनी गोळा होण्याचे जे चित्र काढले, त्यात दोन्ही गोष्टी होत्या. अक्षराला चिकटून दुसरी विसरता येते. तसेच ‘सगळे मनातलेच आहे’ म्हणून पहिलीही उडवून लावता येते. म्हणून कोणताही अर्थ लावल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारावा : ह्या अर्थाने माझ्यावर काही काम येऊन पडते, की माझे काम टळते? पीक शेतात उभे ठेवायला लावणारा अर्थ दहादा तपासून घ्यावा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. वर्गात रामायणातील, कुराणातील किंवा बायबलातील एखादी कथा निघाली आणि मुलाने ‘गुरुजी, हे खरंच घडलं का?’ असे विचारले, तर त्याला गप्प करू नये आणि हसूही नये. आपण एकत्र पाहू या, असे म्हणावे : हे कोणी सांगितले, कोणाला सांगितले आणि ऐकणाऱ्याने काय करावे अशी अपेक्षा होती? एवढे तीन प्रश्न मुलाला आयुष्यभर पुरतील.

एलीया खंडाळ्याच्या खडकावरून गेला असेल, योहानाच्या रूपाने आला असेल, किंवा अजून यायचा असेल. ते ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे मानावे. मलाखीने त्याला सोपविलेल्या कामाबद्दल मात्र दोन्ही घरांत वाद नाही. बाप आणि मुलगा एकाच ओसरीवर बसून एकमेकांशी बोलत नसतील, तर तेथे बोलणे सुरू करून द्यायला रथाची वाट पाहावी लागत नाही.