कोपरा जुळला, अंगण भरलं का?

(नागपूर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



नागपूरच्या मे महिन्यात गणितावरच्या व्याख्यानाला सभागृह भरतं, तेव्हा त्याचं थोडं श्रेय वक्त्यानं कूलरलाही द्यावं. तरी विषय असा निवडलाय की त्याचं सामान तुमच्या पायाखालीच आहे.

आपल्या शहरात सिमेंट रोड झाले आणि त्यांच्या कडेनं गट्टू बसले. पुण्या-मुंबईकडे त्यांना पेव्हर ब्लॉक म्हणतात. लाल, पिवळे, करडे, बाजूंना नागमोडी दाते असलेले. एकाच आकाराचे हजारो तुकडे, मध्ये मोकळी जागा नाही, एकावर दुसरा चढलेला नाही. गणितात याला टेसेलेशन म्हणतात. आपण फरसबंदी म्हणू. प्रश्न एवढाच, की कोणत्या आकारांनी सपाट जागा अशी भरता येते, कितीही लांब गेलं तरी न अडता?

पहिला हिशेब कोपऱ्याचा. फरशांचे कोपरे जिथे एकत्र येतात, तिथे कोनांची बेरीज 360 अंश व्हायला हवी. कमी पडली तर फट राहते, जास्त झाली तर फरशी बसतच नाही. समभुज त्रिकोणाचा कोन 60 अंशांचा, सहा बसतात. चौरसाचा 90, चार बसतात. नियमित षटकोनाचा 120, तीन बसतात. नियमित पंचकोनाचा कोन 108. तीन ठेवले की 324 होतात, 36 अंशांची फट उरते आणि तिच्यात चौथा शिरत नाही. सप्तकोनापासून पुढे प्रत्येक कोन 120 हून मोठा, त्यामुळे दोनानं भागत नाही आणि तिसरा मावत नाही. सगळ्या बाजू आणि सगळे कोन सारखे हवेत, फरशी एकाच जातीची हवी आणि कोपऱ्याला कोपरा भिडायला हवा, असा हट्ट धरला तर हे तीनच आकार हाती उरतात.

हट्ट सोडला की मौज सुरू होते. पुठ्ठ्याचा कसाही वेडावाकडा चौकोन कापा. त्याच्या चार कोनांची बेरीज 360 असतेच. प्रत्येक बाजूच्या मध्यबिंदूभोवती तो अर्धा फिरवून त्याची जुळी आवृत्ती शेजारी ठेवत जा. चारही वेगवेगळे कोन एका बिंदूपाशी येतात आणि अख्खं मैदान भरतं. गट्टूमागची युक्ती तर आणखी सोपी आहे: चौरसाच्या एका बाजूनं जेवढं कापाल, तेवढंच समोरच्या बाजूला जोडा. डच चित्रकार एशर यानं स्पेनमधल्या अलहंब्रा राजवाड्याच्या भिंती 1922 आणि 1936 अशा दोन भेटींत पाहिल्या आणि पुढे अशाच कापाकापीतून मासे, पक्षी, सरडे एकमेकांत बसवले. गट्टूचे दाते मात्र निव्वळ शोभेचे नाहीत. एका गट्टूवर चाकाचा रेटा आला, की सांध्यात भरलेली रेती आणि हे दाते तो शेजाऱ्यांवर वाटून देतात. काठाचे दगड निखळले आणि रेती वाहून गेली, की तेच गट्टू सरकतात, डुगडुगतात. आकार कितीही नेमका असला तरी.

निसर्गही फरसबंदी करतो, पण तुकडे जोडून नव्हे, तोडून. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. आटलेल्या तळ्याच्या गाळात नीट पाहिलं तर पहिल्या भेगेला दुसरी भेग बहुतेक काटकोनात येऊन मिळालेली दिसते. पहिल्या भेगेनं आपल्या दोन्ही अंगांचा ताण मोकळा केलेला असतो. उरलेला ताण तिच्या लांबीच्या दिशेनं असतो, म्हणून नवी भेग तिला आडवी जाते. पण तीच माती पुन्हापुन्हा भिजली आणि वाळली, तर सांधे हळूहळू बदलतात. एकाच ठिकाणाहून तीन भेगा निघाव्यात तसे 120 अंशांचे कोन तयार होतात आणि तुकडे षटकोनाकडे झुकतात.

लाव्हाच्या बाबतीत हे फार मोठ्या मापावर घडलं. नागपूर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पूर्व काठावर वसलंय. लाव्हा थंड होताना आकसतो, वरून तडे जातात, आणि थंडावा जसजसा खाली सरकतो तसतसे तडेही खाली उतरतात. उतरता उतरता ते आपली मांडणी सुधारतात आणि खडकाचे उभे, बहुकोनी खांब तयार होतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशा खांबांचीच आहे. यवतमाळ जिल्ह्यात शिबला-पार्डी परिसरात 2021 साली असेच खांब नजरेस आले. त्यांत सहा बाजूंचे असतात तसे पाचाचे आणि साताचेही असतात. निसर्गाला नियमित आकाराचा आग्रह नाही, त्याला फक्त ताण मोकळा करायचा असतो.

आता माणसाच्या हातचं काम पाहू. विदर्भातली करवती काठाची कोसा साडी आपल्या माता-भगिनींना सांगायला नको. नागपूर-भंडाऱ्याकडच्या कोष्टी विणकरांच्या मागावर तीन धोटे चालतात: एक अंगाचा, दोन काठांचे. अंगाचा कोसा आणि काठाचं रंगीत सूत जिथे भेटतात तिथे दोन्ही धागे एकमेकांत अडकून मागे फिरतात. तसे अडकवले नाहीत तर तिथे कापडाला चीर राहील. दर फेरीला ही भेटीची जागा थोडी आत आणि पुढे थोडी बाहेर सरकवत नेली, की करवतीचे दात उमटतात. काठाच्या दोन दातांमधल्या खाचेत अंगाचा दात नेमका बसलेला असतो. एक गणिती तथ्य इथे लागू पडतं. एकाच दिशेनं पुन्हापुन्हा येणारी कुठलीही काठपट्टी घ्या. सरकवणं, आरशात पाहणं, अर्धा फेरा देणं यांच्या हिशेबानं तिचे प्रकार फक्त 7 होतात. आठवा प्रकार जगातल्या कुठल्याही मागावर विणता येणार नाही. अंगभर दोन्ही दिशांनी पसरणाऱ्या नक्षीचे प्रकार 17. रशियाच्या फेडोरोव्हनं हे 1891 मध्ये सिद्ध केलं, पोल्या या गणितज्ञानं 1924 मध्ये स्वतंत्रपणे. विणकराला ही यादी कुणी दिली नव्हती, आणि गणितज्ञाला माग चालवता येत नव्हता.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कोपऱ्याचा हिशेब जमला म्हणजे काम झालं, असा समज होतो. तो खोटा आहे. दोन पंचकोन आणि एक दशकोन घ्या, सगळे नियमित. 108, 108 आणि 144. बेरीज बरोबर 360. कोपरा अगदी घट्ट मिटतो. आता यातल्या एका पंचकोनाच्या कडेनं चालत जा. प्रत्येक कोपऱ्यावर त्याच्या एका बाजूला पंचकोन हवा, लगतच्या बाजूला दशकोन. म्हणजे शेजारी आलटून पालटून यायला हवेत: पंच, दश, पंच, दश… पण बाजू पाच आहेत, विषम. फेरी पूर्ण होताना दोन सारखे शेजारी लगत येतात आणि गाडं अडतं. नियमित आकारांनी एक कोपरा मिटवण्याचे 21 प्रकार आहेत. त्यांतला एकच प्रकार सगळीकडे ठेवून जमीन भरता येते असे फक्त 11. कोपरा स्वतःपुरता प्रामाणिक असतो, पण तो पुढची हमी देत नाही.

पंचकोनाचीच गोष्ट पुढे नेतो, कारण तिथे भले भले फसले. नियमित नसलेले, पण एकही कोपरा आत न वळलेले काही पंचकोन जमीन भरतात. 1968 मध्ये त्यांची यादी पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. 1975 मध्ये गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी एका अमेरिकी मासिकात त्यावर लेख लिहिला आणि लवकरच वाचकांकडून नवा प्रकार आला. सॅन डिएगोच्या मार्जोरी राइस या गृहिणीनं तो लेख वाचला. गणित शाळेपुरतंच. तिनं खुणांची स्वतःची पद्धत तयार केली आणि दोन-तीन वर्षांत चार नवे प्रकार शोधले. पंधरावा 2015 मध्ये संगणकाच्या मदतीनं सापडला, आणि यादी इथेच संपते हे 2017 मध्ये मिखाएल राओ यांनी दाखवलं.

उलटी गंमतही आहे. प्रत्येक सांधा जुळतो, जमीन भरते, पण नक्षी कधीच ठरावीक अंतरानं परत येत नाही, अशा फरशा असतात. रॉबर्ट बर्जर यांनी 1966 मध्ये असा पहिला संच दिला, त्यात 20,426 जातींच्या फरशा होत्या. रॉजर पेनरोझ यांनी 1970 च्या दशकात संख्या दोनावर आणली. आणि 2023 मध्ये ती एकावर आली. हा ‘हॅट’ नावाचा तेरा बाजूंचा आकार इंग्लंडमधल्या डेव्हिड स्मिथ या छपाई व्यवसायातून निवृत्त झालेल्या गृहस्थांना पुठ्ठे कापता कापता सापडला. सिद्धता तिघा जाणकारांच्या साथीनं झाली. हॅटला अधूनमधून पालथं करावं लागतं, तेही न लागणारा भाऊबंद त्यांनी त्याच वर्षी दिला.

त्याच बर्जर यांनी आणखी एक गोष्ट सिद्ध केली. फरशांचा कुठलाही संच पुढे ठेवला, तर त्यानं जमीन भरेल की नाही हे दर वेळी अचूक सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. यंत्र कितीही वेगवान झालं तरी नाही.

मग अडणारा आकार किती उशिरा अडू शकतो? एका फरशीभोवती तशाच फरशांचा पूर्ण वेढा घाला, मग दुसरा, मग तिसरा. काही आकार पहिल्याच वेढ्यात अडतात, काही दोन-तीन वेढे घेऊन. सर्बियाचे गणिती बोयान बाशिच यांनी अलीकडे असा आकार दिला की त्याभोवती सहा वेढे बिनबोभाट बसतात आणि सातवा काही केल्या बसत नाही. जमीन न भरणाऱ्या आकारांत हा आजवरचा विक्रम आहे. सात वेढे घेऊन मग अडेल असा आकार आहे का? या प्रश्नाला पदवी लागत नाही. पुठ्ठा, कात्री आणि चिकाटी लागते. उन्हाळ्याची सुट्टी अजून बाकी आहे, आणि दुपारी घराबाहेर पडायची नागपुरात सोय नाही. बसून पाहा.